मागे कोण उभं राहणार?

पाटणगाव बस आगाराचे प्रमुख धारवाडकर साहेब म्हणजे नुसता तोरा. त्यांनी फर्मान काढलं, "तिकिटाला यंत्र आलं, दाराला बटण आलं. उद्यापासून बसवर कंडक्टर नको!" झालं, कंडक्टरांनी संप पुकारला. त्यांची पुढारी गोदावरी. नोकरी जायची भीती तिलाही होती, पण चेहऱ्यावर दिसू देईल तर शपथ.

सकाळी साहेब चार पत्रकारांना घेऊन बसमध्ये जाऊन बसले. "बघा, एकटा ड्रायव्हर गाडी कशी नेतो ते!"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि तो तसाच बसून राहिला. फलाटावरून निघायचं तर आधी गाडी मागे घ्यावी लागते, आणि मागे माणूस उभा असल्याशिवाय ती घ्यायची नाही, हा खुद्द साहेबांचाच हुकूम. साहेबांनी खिडकीतून पाहिलं, तर सगळे कंडक्टर हाताची घडी घालून उभे. शेवटी साहेब स्वतःच उतरले आणि गाडीच्या मागच्या पत्र्यावर थापा मारत ओरडू लागले, "येऊ द्या, येऊ द्या!"

गोदावरीनं हात जोडले. "पटलं साहेब! कंडक्टर नकोच. फक्त प्रत्येक गाडीला असा एकेक साहेब द्या, आम्ही आत्ता घरी जातो."

आधी पत्रकार हसले, मग ड्रायव्हर, आणि आपले धुळीनं माखलेले हात बघून साहेबही. "फर्मान रद्द," ते म्हणाले.

गोदावरीनं सुटकेचा निःश्वास टाकला, गळ्यातली शिट्टी सारखी केली आणि म्हणाली, "आता आत बसा साहेब. तुमचं तिकीट काढायचं राहिलंय."