हौसा बाद!

"...पण बुवा, करुणेवर बोलायला माझ्यात अजून काय कमी आहे?"

विश्वंभरशास्त्री हे तिसऱ्यांदा विचारत होते. बारा वर्षं काशीला शिकून आलेला माणूस. उद्या मठात पहिलं प्रवचन करायची घाई झालेली, आणि गुरू सोनबुवा काही केल्या होकार देत नव्हते.

म्हातारे बुवा पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. समोर अंगणात पोरं लगोरी खेळत होती.

बुवांनी चार दाणे शास्त्र्यांच्या हातावर ठेवले. "खा. आणि बघ जरा."

शास्त्र्यांनी बघितलं. लगोरीचे दगड नुकतेच कोसळले होते. नऊ वर्षांची हौसा, एका पायानं अधू, काखेतली कुबडी टेकत ते पुन्हा रचायला धावली. समोरच्या गेनूनं चेंडू डाव्या हातात घेतला आणि फेकला. बसला तिच्या पाठीत.

"हौसा बाद!" पोरं नाचायला लागली.

शास्त्री ताडकन उठले. डोळ्यांत खरंच पाणी होतं. माणूस वाईट नव्हता.

"लाज नाही वाटत? अधू पोरीला मारता? आजपासून हिला कुणी बाद करायचं नाही. ही कच्चा लिंबू!"

एवढ्या मोठ्या शास्त्र्यांपुढे कोण बोलणार? नवा डाव सुरू झाला. दगड कोसळले. हौसा गेली, सावकाश खाली बसली, सातही दगड एकावर एक रचले. गेनू चेंडू धरून नुसता उभा राहिला.

"लगोरी," ती म्हणाली.

कुणीच ओरडलं नाही...

हौसा उठली आणि अंगणाच्या कडेला जाऊन बसली. कुणाकडे बघेना.

"शास्त्रीकाका," गेनू हळूच म्हणाला, "तिला डाव्या हातानं मारायचं, हे आमचं ठरलंय. डाव्यानं नेम कधी बसतो, कधी नाही. तिनंच काढलाय हा नियम."



सोनबुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. गेनूकडून चेंडू घेतला. उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. आणि दिला हौसावर फेकून.

"बाद!"

हौसा उसळून उभी राहिली.

"छ्या! कुबडीला लागला! कुबडी धरत नाहीत!"

"धरतात."

"नाही धरत! बुवा रडी खातात!"

झालं. निम्मी पोरं हौसाकडून, निम्मी बुवांकडून. सगळ्या अंगणात नुसता कालवा. त्यात हौसाचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि भांडता भांडता तिला हसू आवरेना.

शास्त्र्यांनाही हसू फुटलं. किती दिवसांनी, त्यांचं त्यांनाच आठवेना.

"चुकलंच माझं, बुवा," ते म्हणाले. "मग... उद्याचं प्रवचन?"

हौसानं पायाशी पडलेला चेंडू उचलला होता. तिनं शास्त्र्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"शास्त्रीकाका, तुम्ही त्यांच्यात, गेनूकडून."

बुवा पुन्हा पायरीवर टेकले. शेंग फोडली.

"पळ, विश्वंभरा. तिचा नेम चुकत नाही."