कड्याखालचं कुंड

एका उंच कड्याखाली, उताराच्या तळाशी एक गाव होतं. तिथे पोरांना बोलता येऊ लागलं की एक नियम शिकवत: कड्याच्या पायथ्याशी फक्त पंचांनी जायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही.

दर चैत्रात पाच म्हातारे पंच नारळ घेऊन वर जात. देवीची पूजा करायची, तिथल्या कुंडातला गाळ काढायचा आणि संध्याकाळी परतायचं, असा रिवाज होता. त्याच कुंडातून गावात पाट येई.

एका वर्षी पाट आटला. पंच वर जाऊन आले आणि म्हणाले, देवी रुसली.

गावात एक मुलगी होती. तिची आई नुकती बाळंत झाली होती, आणि बाळाच्या अंघोळीलाही पाणी दोन कोसांवरून आणावं लागे. मुलीने पंचांना विचारलं, "रुसली तर कशावर?"

थोरले पंच म्हणाले, "पोरी, तुझी जीभ फार चालते. पाय चालव जरा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पाय चालवले, ते थेट कड्याकडे.

चढ असा की गुडघा हनुवटीला लागे. अर्ध्या वाटेवर एक सपाट कातळ लागला. तिथे करवंट्यांचा ढीग होता, विड्यांची थोटकं होती. पुढे पायवाटच नव्हती, नुसती कारवी माजलेली. पंच इथूनच माघारी फिरत होते, हे तिच्या ध्यानात आलं. तिला संताप आला. मग थोरल्या पंचांचे सुजलेले गुडघे आठवले आणि संताप थोडा उतरला.

कारवी मोडत, हातापायांवर चढत ती दुपारी पायथ्याशी पोचली. कुंड दगडांनी आणि पाचोळ्याने बुजलं होतं. एकेक दगड उपसताना तिची नखं फुटली. ऊन कलताना पाणी वाहू लागलं.

ते तिच्या आधी गावात पोचलं. ती आली तेव्हा पारावर पंच नारळ फोडत होते. तिचे हात पाहून थोरल्यांचा चेहरा उतरला. तिला बाजूला घेऊन ते म्हणाले, "दहा वर्षं झाली, आम्हाला चढवत नाही गं. देवीनं पाणी दिलं म्हण. आमची लाज राख."

सगळ्यांना ऐकू जाईल असं मुलगी म्हणाली, "नाही आजोबा. गुडघे थकले यात लाज कसली? पण कुंड पुन्हा बुजेल, तेव्हा वर कोण जाणार? मी खोटं सांगणार नाही. पुढच्या चैत्रात आम्ही पोरी जाऊ."

थोरल्या पंचांनी फोडलेला नारळ तिच्या हातात दिला. पारावर पाटाचा आवाज येत राहिला.

तात्पर्य: आपल्याला चढवेना झालं, तर वाट दुसऱ्याला दाखवावी, ती बंद करू नये.