सलंगीवरचं उजवं पाऊल

थांबा जी, त्या दगडावर पाय देऊ नका. एवढी लांब पाळ पडली आहे, कुठंही टेका, पण तिथं नको. वाकून बघा, पाऊल कोरलेलं दिसेल. उजवं, आणि एकच. बोटं झिजलीत, टाच अजून शाबूत आहे. त्यावर पाय ठेवायचा मान या गावात फक्त नव्या नवरीला, तोही जन्मात एकदा.

आपण बसलोय ती तलावाची पाळ. सगळं पाणी हिच्या मातीनं अडवलंय. आणि पाळीच्या या टोकाला ही दगडी वाट खाली उतरते ना, तिला आमच्याकडे सलंग म्हणतात. तलाव भरला की वरचं पाणी इथून निघून जातं, म्हणून पाळ टिकते. दोन्ही बाजूंच्या खांबांना खाचा आहेत बघा. पूर्वी पावसाळ्यात त्या खाचांत बांबूची ताटी उभी असायची. पाणी फटींतून जायचं, मासे आतच राहायचे. आता तशी ताटी कोणी लावत नाही. वर्षातून एकच दिवस ती उभी करतात आणि त्याच दिवशी पाडतात.

प्राध्यापक बाई, तुम्ही वाटेत सांगत होतात, जगात सगळीकडे पुराच्या कथा आहेत म्हणून. आमच्याकडे मनू आणि त्याचा मासा, तिकडे नोहा आणि त्याचं जहाज, दजला-फुरात नद्यांच्या काठावर आणखी कोणी. कुणी म्हणतं बर्फ वितळून समुद्र चढला त्याची ही आठवण, कुणी म्हणतं डोंगरावर शिंपले सापडले म्हणून माणसांनी पूर रचला. असेल बाप्पा. आम्ही धिवर लोक, पाण्यात जन्म गेला, पण शास्त्र काही शिकलो नाही. एक मात्र मनात येतं. या सगळ्या कथांत बुडणारे पापी आणि नावेतला तेवढा पुण्यवान. हे सांगतो कोण? नावेत बसलेलाच ना! बुडालेल्यांना कुणी विचारलंय?

आमचा पूर काही एवढा मोठा नव्हता. या पाळीखालचं एक गाव आणि त्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, बस. पण ज्याचं गाव बुडतं त्याला जग बुडाल्यासारखंच वाटतं. त्या टेकडीवर जीव मुठीत धरून बसलेली माणसंही म्हणे हेच म्हणत होती, जगबुडी आली, देव कोपला.

तेव्हा गावात कोहळी होते आणि धिवर होते. तलाव बांधला कोहळ्यांनी, म्हणून पाणी त्यांचं. मासे धिवरांचे. धिवरांत चिंधाबाई नावाची बाई होती. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच पोरगा, कवडू. बाई ताट्या विणायची. सगळेच धिवर विणतात, पण तिची गाठ वेगळी. टोक मागे वळवून पुन्हा आत खोचायची. ती गाठ सुटत नसे, बांबू कुजला तरी गाठ तशीच राही. बाजारात कुणी ताटी उलटीपालटी करून बघितली की लोक म्हणत, बघतोस काय, चिंधाबाईची आहे ती.

ताटीचा एक नियम होता आणि तो पोरासोरांनाही ठाऊक होता. झड लागली की ताटी काढायची. मासे गेले तर गेले. कारण झडीचं पाणी एकटं येत नाही, पालापाचोळा, गवत, मोडलेल्या फांद्या सगळं घेऊन येतं. ते ताटीवर बसलं की फटी बुजतात आणि ताटीची भिंत होते. मग सलंग असून नसल्यासारखी.

त्या साली उकंडा पाटलाच्या मुलाचं लग्न झालं होतं. सून नदीपलीकडची, जैवंता नाव. लग्न वैशाखात झालं, पण माहेरी धानाच्या रोवणीला हात कमी होते म्हणून ती नांदायला आली श्रावणात. तिची बंडी गावच्या शिवेत शिरली आणि पावसाला सुरुवात झाली, असं सांगतात. चाकं चिखलात रुतली, नवरी पायी घरी आली. तेव्हा सगळे हसले. म्हणाले, पाटलाची सून पाऊस घेऊन आली, लक्ष्मीचा पाय आहे. लोकांची जीभ जी, तिला हाड नाही.

पाऊस थांबेना. चिंधाबाई पोराला म्हणाली, "कवडू, जा बाबा, ताटी काढून ये."

कवडू म्हणाला, "माय, आजचा दिवस राहू दे. असा मासा कधी पाहिला नाही. ताटीवर धडका देतोय नुसता."

त्याचं लग्न ठरलेलं होतं. मांडवात साऱ्या गावाला मासा वाढायचा, हे त्यानं मनात धरलेलं. चिंधाबाईनं आभाळाकडे बघितलं, मग पोराच्या तोंडाकडे बघितलं. आईच ती. म्हणाली, "बरं, उद्या काढ."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी पाळीवरून सांडायला लागलं. आधी पदरासारखं पातळ, मग जाडजूड. कवडूनं कुऱ्हाड उचलली आणि तो पाळीवरून सलंगीकडे पळाला. लोकांनी त्याला पळताना बघितलं, ते शेवटचं. पाळीची अर्धी उंची धुपून गेली, मधोमध मोठी खांड पडली आणि पाणी गावात शिरलं. ज्यांना टेकडी गाठता आली ते वाचले. कोठ्यांतलं धान गेलं, गोठ्यातली जनावरं दाव्यासकट गेली, काही म्हातारी माणसं गेली. कवडू परत आला नाही.

संध्याकाळी पाऊस थोडा ओसरला. टेकडीवर माणसं ओल्या अंगानं बसून होती. आणि माणूस असा बसला ना, की त्याला एकच प्रश्न पडतो. कुणामुळं झालं? पाऊस जास्त झाला, एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. गावाच्या भगताच्या अंगात आलं. तो म्हणाला, तलावाला बळी पाहिजे. पांढऱ्या पायाची बाई गावात आली, तिच्या मागं पाणी आलं. उद्या उजाडताच तिला पाळीच्या खांडीत उभी करा आणि माती लोटा. तरच उरलेली पाळ राहील. नाहीतर रात्रीतून पुन्हा पाऊस लागेल आणि टेकडीसुद्धा राहणार नाही.

कालपर्यंत जो लक्ष्मीचा पाय होता तोच आज पांढरा झाला. उकंडा पाटील खाली मान घालून बसला. नवरा तर बापाच्या मागंच लपला. कुणी नाही म्हणालं नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना बरंच वाटलं असेल, की आपल्या घरचं नाव निघालं नाही.

मग लोक कवडूबद्दल बोलायला लागले. पोरगा वाघ होता, पाणी अडवायला एकटा गेला, गावासाठी मेला. पाळ उभी राहिली की सलंगीवर त्याचा दगड बसवू, शेंदूर लावू, दर साली नारळ फोडू. चिंधाबाई ऐकत होती. पोरगा तर गेलाच होता. आता त्याचा देव होत होता. एकट्या बाईला उरल्या आयुष्याला एवढा आधार पुष्कळ होता. तो राहून गेलेली ताटी तोडायला पळाला होता, हे तिथं फक्त तिला माहीत होतं.

तेवढ्यात जैवंता सरकत सरकत तिच्याशेजारी येऊन बसली. सगळ्या टेकडीवर तिला कुणी बसू देईल अशी तेवढीच जागा उरली होती. ती रडत नव्हती. आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघत होती. तशीच म्हणाली, "मावशी, माझा पाय खरंच असा आहे का हो?"

चिंधाबाई पुढे वाकली. तिनं पदरानं त्या पोरीच्या पायांचा चिखल पुसला. तेवढंच.

उजाडलं तेव्हा आभाळ पुन्हा काळंकुट्ट भरून आलं होतं. भगतानं जैवंताला हळद लावायला सांगितलं. चिंधाबाई तोवर उतरून गेली होती. उरलेल्या पाळीच्या कडेकडेनं, गुडघाभर पाण्यातून ती सलंगीवर आली. सलंग दिसतच नव्हती. पालापाचोळा आणि गवत असं साचलं होतं की वाटावं जमीनच आहे. तिनं हातानं गवत उपसलं. खाली तिची ताटी उभी होती. सलंगीचा तळ खांडीहूनही खोल, तरी पाणी तिच्यामागं तुंबलेलं, एक थेंब जात नव्हता.

मग तिला बंध दिसले. ताटी खांबांना चार जागी बांधलेली असते. तीन बंध कुऱ्हाडीनं तोडलेले होते. चौथा राहिला होता. कवडू तिथवर पोहोचला होता जी. चूक त्याला कळली होती, ती निस्तरायला तो आला होता, आणि एक घाव बाकी असताना पाण्यानं त्याला नेलं. चिंधाबाई तिथंच बसली आणि मोकळ्या गळ्यानं रडली. काल टेकडीवर पोरगा देव झाला तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं.

तो चौथा बंध तिथल्या तिथं तोडून ताटी वाहू दिली असती, तर पाणीही गेलं असतं आणि पुरावाही. पोराचा दगड बसला असता. पण लोकांनी मानलं असतं की पोरीला हळद लावली म्हणून पाणी उतरलं. आज ही, पुढच्या झडीला दुसरी कोणी. तिनं बंधाला हात लावला नाही. उठली, मागं वळली, आणि जैवंताला घेऊन येणाऱ्या लोकांना पाळीवरच आडवी आली.

"आधी सलंगीवर चला," ती म्हणाली.

लोक गेले. तिनं उपसलेल्या जागेकडे बोट केलं. "ही गाठ कुणाची?"

गाठ सगळे ओळखत होते.

"ताटी माझी. बांधली माझ्या कवडूनं. मी अडून बसले असते तर त्यानं तेव्हाच काढली असती, पण उद्या काढ असं म्हणाले ते मीच. पाणी हिच्या पायानं आलं नाही, माझ्या 'उद्या'नं आलं."

भगत खवळला. "मेलेल्या पोरावर आळ घेतेस? जीभ झडेल तुझी!"

"मेलेला माझा आहे," चिंधाबाई म्हणाली. "जिवंत आहे ती तुमची सून आहे. माझ्या मेलेल्याची काळजी तुम्ही करू नका. तुमच्या जिवंत पोरीची करा."

थेंब पडायला लागले होते. चिंधाबाईनं जैवंताचा हात धरला आणि तिला सलंगीच्या कडेच्या दगडावर उभी केली. म्हणाली, "पोरी, या पायाला नावं ठेवली ना? मार लाथ. उजव्या पायानं मार."

हळदीनं माखलेल्या पायानं जैवंतानं लाथ मारली. राहिलेला तो एक बंध तटकन तुटला, ताटी आडवी झाली आणि तुंबलेलं पाणी सलंगीतून जे सुटलं ते नदीपर्यंत गेलं. पाऊस त्या दिवशीही पडला, चांगला धो धो पडला. पण तलाव चढला नाही. अर्धी का होईना, पाळ उभी राहिली. भगताच्या अंगात त्यानंतर पुन्हा कधी आलं नाही म्हणे. उकंडा पाटील पुढे होऊन सुनेच्या पाया पडला असंही सांगतात. नवऱ्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही, आणि खरं तर कुणाला जाणूनही घ्यायचं नाही.

पाळ पुन्हा बांधली तेव्हा कवडूचा दगड बसवायची गोष्ट निघाली. ताटी त्यानंच राहू दिली हे कळलं, तरी लोकांच्या मनात तो होताच. चिंधाबाई नको म्हणाली. त्या जागी हे पाऊल कोरायला लावलं. पाथरवटानं जैवंताचाच पाय मापाला घेतला होता असं म्हणतात. बघा ना, किती लहान आहे. पोरसवदाच होती ती.

तर बाई, तुमच्या वहीत आमचाही पूर लिहा. त्यात बसायला नाव कुठली नाही आणि पुण्यवान कोणीच नाही, हे तेवढं विसरू नका.

आजही सलंग पहिल्यांदा वाहायला लागली की त्या साली गावात आलेल्या सगळ्या नवऱ्या इथं येतात. दुसऱ्या गावी नवरी उंबरठ्यावर धानाचं माप लवंडते, आमच्याकडे सलंगीवर ताटी पाडते. ताटी धिवरांच्या घरची, गाठ तीच मागं वळवलेली. तीन बंध आधीच कुऱ्हाडीनं तोडून ठेवतात, चौथा ठेवतात नवरीसाठी. त्याला कवडूचा बंध म्हणतात. पोराचं नाव दगडावर नाही, तेवढ्या दोरीत राहिलंय.

नवरी या पावलावर पाय ठेवून उभी राहते. धिवरांची सगळ्यांत म्हातारी बाई पुढे येते आणि गावाला विचारते, "ताटी कुणाची?"

चिंधाबाई त्या दिवशी एकटी म्हणाली होती, माझी. आता पाटलापासून पोराटोरांपर्यंत सगळं गाव एका आवाजात म्हणतं, "आमची!"

मग नवरी लाथ मारते.