वासराच्या कानातलं कुसळ

गुरांचं बोलणं माणसांना कळायचं, त्या काळातली गोष्ट. धुरपाच्या गोठ्यात एक वासरू जन्मलं आणि तासाभरात उभं राहून दूध प्यायलं. धुरपाची नऊ महिन्यांची लेक ठकी मात्र अजून रांगतच होती.

"ही चालत का नाही?" वासराने विचारलं. "मी तर दोन दिवसांत अंगणभर हुंदडलो."

"तिचं चाललंय काहीतरी," धुरपा म्हणाली.

ठकी दिवसभर जमिनीवर सांडलेले ज्वारीचे दाणे उचलायला बघायची. आधी मुठीत नुसती धूळच यायची. महिनाभर धडपडून तिला एकेक दाणा अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत धरता येऊ लागला. वासराला त्याचं हसू यायचं.

एके सकाळी वासराच्या कानात कुसळ शिरलं. त्याने मान झटकली, खांबाला कान घासला, उड्या मारल्या. कुसळ आणखीच रुतलं. धुरपाच्या जाड, भेगाळलेल्या बोटांना ते सापडेना. थकलेलं वासरू ठकीपुढे बसलं. ठकीने कानात डोकावून पाहिलं आणि चिमटीत धरून कुसळ अलगद उपटलं.

धुरपा म्हणाली, "ही चालत का नाही, असं विचारत होतास ना?"

"चालेल की सावकाश," वासरू म्हणालं. "आधी तिला हा दुसरा कान बघू दे."