खिडकीपलीकडच्या बायका

“पण माई, मी तिचा पत्ता बाहेरच्या कुणाला दिलाच नाही. मग दोष माझा कसा?”

गोदामाईंनी अभिरामला बसायची खूण केली.

मठातली ही खोली मनातलं सांगण्यासाठी होती. इथलं बोलणं बाहेर जाऊ नये, म्हणून खिडकीला कायम कडी.

नवऱ्याच्या मारहाणीला भिऊन घर सोडलेल्या बायकांना गुप्त पत्त्यांवर आसरा देणारी एक संस्था होती. अभिराम तिथलं कार्यालय सांभाळायचा.

“संस्थेचा मेल घरून उघडायचा म्हणजे कटकट. दर वेळी फोनवर येणारा नवा आकडा टाका. म्हणून सगळे मेल आपोआप माझ्या घरच्या मेलवर येतील, असं करून ठेवलं. माझ्याच मेलवर ना? रात्रंदिवस काम करतो, त्याचं कौतुक राहिलं बाजूला...”

“मग?”

“फोन बिघडला. दुरुस्तीला टाकला. त्यात मेल उघडाच होता. दुकानदार निघाला कौसल्येच्या नवऱ्याचा मित्र.”

मेलमधला पत्ता घेऊन नवरा संस्थेनं लपवलेल्या कौसल्येच्या दारात पोचला होता. ती आता इस्पितळात होती. अजून डोळे उघडले नव्हते.

“सोळा सोमवार करतो, माई. निर्जळी करतो. सांगाल ते व्रत करतो. ती वाचू दे.”

“वाचेल रे. मीही रोज दिवा लावते तिच्यासाठी.”

माई उठल्या. कडी काढून त्यांनी खिडकी सताड उघडली. बाहेर ओट्यावर बायका वाती वळत बसल्या होत्या. त्यांच्या गप्पा थांबल्या.

अभिरामचा आवाज एकदम खाली आला. “माई, खिडकी...”

“उकडतंय. माझ्या सोयीसाठी उघडली.”

“अहो, सोय कसली? त्यांना सगळं ऐकू...”



माईंनी विचारलं, “बाकीच्या बायकांचे पत्ते?”

“त्याच मेलमध्ये.”

“अजून येतात तुझ्याकडे?”

“...येतात. फोन अजून त्या दुकानदाराकडेच आहे, त्यालाही दिसत असतील. पण आता बंद करून त्या बायकांना हलवायचं, तर संस्थेत सांगावं लागेल. नोकरी जाईल, माई.”



अभिराम उठला आणि खिडकी लावायला गेला. माईंनी त्याचा हात धरला.

“ही उघडी राहू दे, बाळा; आधी ती मेलची बंद कर. या बायका दिवेलागणीला आपापल्या घरी जातील. तुझ्या संस्थेतल्या कुठे जातील?”