गोरखची ओढ्याची पाहणी

आमच्या वाडीत एक भोळा गोरख होता. आता तो भोळा म्हणजे बाकीची वाडी शहाणी, असं कुणी समजू नका. सांगणारा मीही त्याच वाडीचा आहे.

गोरख तालुक्याच्या कॉलेजात समाजकार्य शिकायचा. वाडीतून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. त्याचं त्यालाच नवल वाटायचं. म्हणायचा, "आमच्या घरात डोकं टोपी ठेवायला वापरतात. माझं तिथं कसं घेतलं, कोण जाणे."

वाडी आणि रस्ता यांच्या मधे ओढा. शाळा रस्त्याकडे. पावसाळा आला की पोरांची शाळा दोन-दोन महिने बुडायची. गोरखची धाकटी बहीण सुगंधा नववीत होती. दप्तर डोक्यावर धरून ओढ्यातून जायची. दोनदा वाहता वाहता वाचली. बाप म्हणाला, "यंदा ओढ्यावर साकव झाला तर शिक. नाहीतर पुरे झाली शाळा." सुगंधाने दोन दिवस जेवण टाकलं.

त्याच वर्षी कॉलेजने मुलांना गावोगावच्या प्रश्नांची पाहणी करायला लावली. गोरखला शिकवणाऱ्या देवरे मॅडम म्हणाल्या, "चांगला अहवाल केलास तर मी स्वतः जिल्ह्याच्या साहेबांकडे पोचवते. फक्त एक कर. आपल्या मनाचं लिहू नकोस. लोक बोलतील ते शब्द न शब्द लिही."

गोरखने मान डोलावली. मान त्याची फार छान डोलायची.

तो गेला भागीरथीकाकूंकडे. "काकू, ओढ्याचा काय त्रास होतो?" काकू तोंड उघडणार एवढ्यात म्हैस सुटली. गोरख लिहीत राहिला. म्हशीने काकूंची कोथिंबीर खाल्ली, मेथी खाल्ली, मग शेजारच्यांची मेथी खाल्ली. गोरखने एक शब्द सोडला नाही.

मॅडमनी कागद वाचला. 'ओढ्याचा त्रास: अगं बाई म्हैस. धर रे तिला. धर मेल्या. लिहितोस काय.'

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, असलं काय लिहायचं? सरकारला आकडे लागतात. मोजता येईल ते मोज, आकड्यात लिही."

"चुकलो मॅडम," गोरख म्हणाला. "आता कळलं."

तो गेला किसनतात्यांकडे. तात्यांचा बैल ओढ्यात वाहून गेला होता. सांगता सांगता बिचारे उपरण्याने डोळे पुसायला लागले, तर गोरखने त्यांचा हात धरला. "जरा थांबा तात्या, मोजतोय."

मॅडमनी कागद वाचला. 'अश्रू: डावा डोळा सात, उजवा चार. एकूण अकरा.'

"अरे, माणसं आहेत ती," मॅडम म्हणाल्या. "आधी त्यांच्यात मिसळावं. ती जे करतात ते त्यांच्याबरोबर करावं. मग विचारावं."

"चुकलो मॅडम. आता कळलं."

तो परत वाडीत आला, तेव्हा भागीरथीकाकू आणि शेजारची अनसूया मेथीवरून भांडत होत्या. गोरख दप्तर ठेवून मधे उतरला आणि भांडला. एकीची बाजू घेतली नाही हो, दोघींशी सारखाच भांडला. दोघींनी मिळून त्याला बदडला. तेवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं, हा फायदा झाला.

सुजलेला गाल घेऊन तो मॅडमकडे गेला आणि कोण काय बोललं ते नावानिशी सांगायला लागला. मॅडमनी कानावर हात ठेवले. "गोरख, हे तर कधीच करू नकोस. लोक विश्वासाने सांगतात. कोण, कुठला, ओळख पटेल असं काही काही बाहेर सांगायचं नाही. कुणीही विचारू दे. संशोधनात गुप्तता म्हणजे गुप्तता."

हे मात्र गोरखच्या मनात पक्कं बसलं. तो वाडीत आला, सगळ्यांना देवळापुढे बसवलं आणि म्हणाला, "बाहेरचं कुणीही विचारू दे. ओळख पटेल असं काही बोलायचं नाही." आम्ही देवळाच्या पायरीला हात लावून शब्द दिला. शिकलेला पोरगा सांगतोय म्हटल्यावर आमची छाती फुगली होती.

मग त्याने खरंच चांगला अहवाल केला. बावीस पोरं, साठ दिवस शाळा बंद, तीन माणसं वाहता वाहता वाचलेली. सगळं खरं. फक्त वाडीचं नाव नाही. ओढ्याचंही नाही.

जिल्ह्याचे साहेब अहवाल वाचून हळहळले. एक साकव मंजूर होत होता. गोरख मॅडमनाही नाव सांगेना, तेव्हा त्यांनी अंदाजाने आमची वाडी सांगितली. साहेब म्हणाले, "डोळ्यांनी बघतो, लोकांना विचारतो, मग सही."

भर श्रावणात साहेब आले. ओढा दुथडी भरलेला. पाहुण्याला पाठुंगळीला घेऊन पार करायचं, ही आमच्याकडची रीत. गोरख वाकला, साहेब बसले. मधोमध, गोरखच्या कंबरेला पाणी लागलेलं असताना साहेबांनी विचारलं, "हाच का तो ओढा?"

"कुठला ओढा, साहेब?" गोरख म्हणाला.

साहेब अलीकडे उतरले. भागीरथीकाकू लुगडं पिळत होत्या. म्हणाल्या, "ओढा? नाही बाबा, आम्ही ऐकला नाही कधी." किसनतात्यांनी आपल्याकडे बैलच नव्हता म्हणून सांगितलं. मला विचारलं. मी तर विचारायच्या आधीपासून नकाराची मान हलवत होतो.

तेवढ्यात सुगंधा पळत आली. भिजलेली, डोक्यावर दप्तर. "साहेब, खोटं सांगतात सगळे. हा बघा ना ओढा, इथंच तर..." अनसूयाने पदराने तिचं तोंड दाबलं. "लहान आहे पोर. काहीही बोलते." सुगंधा पदरातच हुंदके द्यायला लागली. गोरखचा जीव तुटला. पण शब्द तो शब्द. त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

साहेबही शिस्तीचे. लोक सांगतील तेच लिहिणारे. त्यांनी वही काढली आणि नोंद केली, 'वाडीत ओढा आढळला नाही.' सही केली, विजार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि पलीकडे जायला पुन्हा गोरखच्या पाठीवर बसले.