जानाईच्या बागेतली गुडघ्यांची शिळा

माळशिंगीच्या जानाईच्या देवळामागे उतारावर बारा वाफ्यांची शेवंतीची बाग आहे. तिच्या पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी एक काळी, सपाट शिळा जमिनीत रुतलेली दिसते आणि त्या शिळेवर शेजारी शेजारी दोन खळगे आहेत. पाऊस झाला की त्यात पाणी साचतं आणि चिमण्या येऊन पितात. नवखा माणूस त्यांना उखळ समजतो. देवळातले म्हातारे पांडबा गुरव अशा माणसाला काही समजावून सांगत नाहीत, सरळ गुडघे टेकायला लावतात. गुडघे नेमके खळग्यात बसतात. मग पांडबा विचारतात, "आता सांगा, उखळ हाय का?"

अलीकडे गावाच्या खालच्या अंगाला शहरातल्या लोकांनी बंगले बांधलेत. त्यांना झाडांना आळी करून हवी असतात, गवत काढून हवं असतं. देवदर्शन उरकलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: इथं बागकामाला माणूस किती घेतो? पांडबा आकडा सांगत नाहीत. "दाम ऐकायचा आसंल तर घडीभर बसा," म्हणतात, आणि ही हकिगत सांगतात. गावात ती आणखी दोन-तीन तऱ्हांनी ऐकायला मिळते, पण शिळेपाशी सांगायची ती अशी.

फार मागे माळशिंगीवर सुभानराव देशमुखांचा अंमल होता. माणूस वाईट नव्हता म्हणे, देवधर्म करणारा होता, फक्त हिशेबाला फार पक्का. देवीची बाग त्यांच्याकडे होती आणि बागेत खुरपायला येणाऱ्याचा दाम त्यांनी एकदाच ठरवून टाकला होता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वाफ्यात बसेल त्याला शेरभर ज्वारी. मधेच उठेल त्याला काही नाही, मग तो सकाळी उठो की तिसऱ्या प्रहरी. "अर्धी भाकरी कुणी भाजत नाही, तसा अर्धा दिवस मी मोजत नाही," असं ते म्हणत.

बागेत भिवरा नावाची एक विधवा माळीण खुरपायला असे. तिला तीन वर्षांची एकुलती मुलगी होती, गंगू. एका श्रावणात गंगूला ताप भरला. घरात पेज करायलाही दाणा नव्हता, म्हणून पोरीला शेजारणीच्या ओटीत घालून भिवरा कामावर आली. दिवस कलला आणि शेजारीण बांधावर येऊन ओरडली, "भिवरे, पोर लई तापलीया, चल बिगीनं!"

भिवरा उठली. देशमुख तिथंच उभे होते. ते म्हणाले, "जायचं तर जा. शेर मात्र विसर."

भिवरेनं मान वर करून सूर्याकडं पाहिलं. हाताची चार बोटं दिवस राहिला होता. रिकाम्या हातानं जाऊन तापल्या पोरीच्या तोंडात घालायचं तरी काय? ती परत खाली बसली आणि दोन्ही हातांनी खुरपू लागली, जणू त्यानं सूर्य लवकर मावळणार होता. सांजेला पदरात शेर घेऊन ती घरी धावली तेव्हा गंगू गेली होती.

गाव हळहळलं. देशमुखांनाही वाईट वाटलं, पण आपल्याकडं बोट येतंय असं दिसलं की माणूस दुसऱ्याकडं बोट करतो. चावडीवर चार माणसांत ते बोलून गेले, "आई कसली ती! पोर मरत होतं आणि ही शेरभर ज्वारीसाठी बसून राहिली." ते शब्द दिवस मावळायच्या आत भिवरेच्या दारात पोचले. दुसऱ्या दिवसापासून ती देवीच्या बागेत आली नाही.

तिच्यामागोमाग बाकीचेही यायचे थांबले. कुणी ठरवलं नव्हतं, बैठक झाली नव्हती. कुणाची कंबर धरली, कुणाची म्हैस व्याली, कुणाकडं न संपणारे पाहुणे आले. माळशिंगीची माणसं नाही म्हणत नाहीत, पण येतही नाहीत. मार्गशीर्ष उजाडेपर्यंत बारा वाफ्यांत हराळी आणि लव्हाळा असा माजला, की शेवंती शोधावी लागे.

त्याच मार्गशीर्षात देशमुखांची नऊ वर्षांची लेक अंबू अंथरुणाला खिळली. ताप अकरा दिवस उतरला नाही. वैद्यानं मात्रा उगाळली, काढे दिले आणि शेवटी देवीकडं बोट दाखवलं. जानाईला कौल लावला. त्या वेळच्या गुरवानं कौल सांगितला तो असा: मंगळवारी दिवस मावळायच्या आत बारा वाफ्यांतलं तण निंदून होऊ दे आणि त्यातल्या शेवंतीची ओंजळ पायावर येऊ दे. निंदणारा हात मात्र राजीखुशीचा हवा. जुलमाचं फूल देवी घेणार नाही.

सोमवारी सकाळी देशमुखांनी दवंडी पिटवली, दिवसाला दोन शेर. कुणी आलं नाही. दुपारी चार शेर केले, म्हणजे भरली पायली. तरी कुणी आलं नाही. तिसऱ्या प्रहरी चांदीचे तोडे देऊ केले. दाम वाढत गेला तसा लोकांचा संशय वाढत गेला. कालपर्यंत शेर देताना जीव जाणारा माणूस आज चांदी देतोय, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार, असं जो तो घरात बसून बोलू लागला. वाड्यात अंबूचं कण्हणं चालू होतं. देशमुखांनी पागोटं डोक्यावर घातलं आणि जन्मात पहिल्यांदा ते माळ्यांच्या आळीत आपल्या पायांनी गेले.

भिवरा दारात जात्याला टाकी लावत होती. ती उठून उभी राहिली, पण या म्हणाली नाही.

"भिवरे, बाग निंदायची हाय. उद्या सांजंच्या आत," देशमुख म्हणाले. "किती घेशील ते तूच सांग."

"म्या न्हाई सांगायची, सरकार. गरजवंतानं सांगितल्याला दाम खरा नसतोय. त्यो भीत भीत कमीच सांगतो."

"मग कसं ठरायचं?"

भिवरेनं हातातली टाकी खाली ठेवली. "दाम तुमी बोला. बाजू म्या निवडीन. त्या दामाला वाकायचं का त्यो दाम द्यायचा, ह्ये म्या ठरवीन. कबूल आसंल तर देवीची आण म्हून बेलभंडारा उचला."

देशमुखांचं डोकं तेवढ्यातही चाललं. कमी बोललो तर ही मला वाकायला लावील. भरपूर बोललो तर ती स्वतः वाकेल, दाम सोडणार नाही. त्यांनी बेलभंडारा उचलला आणि म्हणाले, "पायली."

भिवरा आत गेली. कोपऱ्यातल्या मडक्याचं तोंड सोडून तिनं हात घालून पाहिला. त्यात बरोबर पायलीभर ज्वारी होती. गंगूच्या वर्षाला गावातल्या पाच पोरी जेवू घालाव्यात म्हणून दुसऱ्यांच्या रानात राबून तिनं ती मूठमूठ साठवली होती.

ती बाहेर आली. "पायली हाय माज्याकडं," ती म्हणाली. "उद्या तुमी वाका."

देशमुखांचा हिशेब फसला. पण बेलभंडारा उचलला होता, आणि पोरीचा जीव टांगणीला लागला होता. राजीखुशीचा हात हवा तर बापाच्या हातापेक्षा राजीखुशीचा दुसरा कुठला असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मंगळवारी उजाडताच ते बागेत उतरले. भिवरा बांधावर उभी राहिली, जिथं ते उभे राहायचे तिथंच. हळूहळू सारं गाव बांधाभोवती गोळा झालं. देशमुखांना उकिडवं बसायची सवय नव्हती. त्यांनी वाफ्याच्या तोंडाची सपाट शिळा धरली आणि तिच्यावर गुडघे टेकले. पहिला वाफा होईतो तळहाताला फोड आले. लव्हाळा वरून उपटला तर गाठ जमिनीतच राहते, ती खोदून काढावी लागते, हे त्यांना पन्नाशीत कळलं. वाफा संपला की शिळा ढकलत पुढच्या वाफ्यावर न्यायची आणि पुन्हा गुडघे टेकायचे, असं चाललं होतं. मधेच ते वाड्याकडं बघत. माडीची खिडकी तिथून दिसत होती.

दिवस कलला तेव्हा सात वाफे झाले होते. पाच राहिले होते. तेवढ्यात वाड्यातली मोलकरीण सगुणा बांधावर धावत आली.

"सरकार, ताईसाब डोळं फिरवत्यात! आबा आबा करत्यात. चला बिगीनं!"

देशमुख अर्धे उठले आणि तसेच थांबले. गेले तर पाच वाफे राहणार, देवीचा कौल मोडणार, आणि मग पोर हाती लागायची नाही. बसले तर वाफे होतील, पण तिकडं पोर आबा आबा करत डोळे मिटेल. खुरपं हातात होतं. त्यांना पुढंही जाता येईना आणि खालीही बसता येईना. सगुणानं पुन्हा हाक मारली. आणि तिथं, त्या अवघडल्या अंगानं, त्यांना चावडीवरचं स्वतःचं बोलणं आठवलं. पोर मरत होतं आणि ही शेरभर ज्वारीसाठी बसून राहिली. ती ज्वारीसाठी बसली नव्हती. ती पोरीसाठीच बसली होती.

त्यांनी मान वर करून भिवरेकडं पाहिलं. भिवरा सूर्याकडं बघत होती. चार बोटं दिवस राहिला होता. ती आता देशमुखांचेच शब्द त्यांना परत करणार हे बांधावरच्या सगळ्यांना माहीत होतं, आणि तिनं तसं म्हटलं असतं तर गावातल्या एकानंही तिला दोष दिला नसता.

"भिवरे," देशमुख कसेबसे म्हणाले, "मी... जाऊ का?"

भिवरा बांधावरून खाली उतरली. वाफ्यात येऊन तिनं त्यांच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"जावा," ती म्हणाली.

"वाफे?"

"वाफं म्या बघते. जावा म्हनते ना!"

देशमुख चिखलाच्या पायांनी, पागोटं तिथंच टाकून धावले. मागं भिवरा खाली बसली. म्हणे, त्या घडीला तिनं पाच वाफे असे निंदले की बघणाऱ्यांना तिचा हात दिसत नव्हता, नुसतं गवत उडताना दिसत होतं. कुणाला मदतीला यावंसं वाटलं, पण ती कुणालाच जवळ येऊ देईना. सूर्य डोंगराला टेकला आणि तिनं ओंजळभर शेवंती जानाईच्या पायावर नेऊन ठेवली. दिवेलागणीला अंबूला घाम फुटला आणि तिनं पाणी मागितलं. बापाच्या मांडीवर तिचं डोकं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुख बागेत आले. भिवरा पायलीभर ज्वारी घेऊन शिळेपाशी उभी होती आणि बांधावर पुन्हा गाव जमलं होतं. तिनं माप पुढं केलं. देशमुख मागं सरले.

"हे मी कसं घेऊ? मी उठलो, काम अर्धं टाकलं."

"घ्या, सरकार. उठायचं कारन घडलं म्हून उठला. दाम पुरा हाय. न्हाई घेतला तर माजा शबुद लटका हुईल."

देशमुखांनी उपरणं पसरलं. ज्वारी ओतताना त्यांना भिवरेच्या शेजारणीनं सांगितलं, ती कशासाठी साठवलेली होती ते. तेव्हा हा हिशेबी माणूस शिळेवर खाली बसला आणि गावादेखत लहान पोरासारखा रडला. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "भिवरे, काल तू जे केलंस, त्याचा दाम काय देऊ? काय बी माग."

"त्याला दाम नसतोय, सरकार," भिवरा म्हणाली. "त्याला निस्तं 'जा' म्हनायचं असतं."

त्या ज्वारीतला एक दाणाही देशमुखांनी खाल्ला नाही. गंगूच्या वर्षाला भिवरेच्या अंगणात त्याच ज्वारीवर पाच पोरी जेवल्या, त्यांना वाढायला देशमुख स्वतः उभे होते आणि पंगतीत पहिल्या पाटावर अंबू बसली होती, असं सांगतात.

शिळा मग पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी आणून कायमची बसवली. एका दिवसात दगडाला खळगे पडतात का, असं शहरातले पाहुणे विचारतात. पांडबा म्हणतात, "एक दिस खुरपून बघा, मंग सांगा दगुड झिजतोय का गुडघा." खरं तर त्याचंही उत्तर तिथंच आहे. तेव्हापासून माळशिंगीत ज्याला बागकामाला माणूस लावायचा, त्यानं आधी या शिळेवर गुडघे टेकून दाम बोलायचा. वाकायचं की द्यायचं, ते समोरच्यानं निवडायचं. किती पिढ्या तिथं गुडघे टेकून गेल्या, कोण मोजणार? बहुतेक वेळा समोरचा हसून म्हणतो, मी वाकतो. पण तीन वर्षांपूर्वी एक बंगलेवाले साहेब शहाणपणानं चार पैसे कमी बोलले, आणि माळीणबाईंनी पदर खोचून सांगितलं, "मग तुमीच वाका." साहेब सकाळपासून सांजेपर्यंत खुरपत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता दाम वाढवला.

आजही माळशिंगीच्या कुठल्याही बागेत खुरपणाऱ्या माणसाला घरून बोलावणं आलं, फोन वाजला, की तो मालकाकडं बघत नाही आणि विचारतही नाही. त्यानं तोंड उघडायच्या आत मालकानंच म्हणायचं असतं, "जा." दाम दिवसाचा पुरा मिळतो. राहिलेला वाफा मालक गुडघे टेकून स्वतः पुरा करतो.